उघडी राहिलेली कॉमेंट

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजावून सांगणारा दुभाषी. सी भाषेच्या अशा एका कंपायलरची बावीस वर्षं देखभाल करणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात सगळे मास्तर म्हणत. अर्थात पाठीमागे, पण पार्टिशन पातळ होतं, आणि मास्तरांना ते आवडायचंही.

मास्तरांना दोन गोष्टींचा फार अभिमान. एक म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर रंग नव्हते. इतरांकडे कोड रंगीत दिसे आणि कॉमेंट्स करड्या; मास्तरांकडे सगळं पांढऱ्यावर काळं. "वाचता येत नाही त्यांना रंग लागतात," असं ते चष्मा पुसत सांगत. दुसरा अभिमान एका बंद केलेल्या वॉर्निंगचा. कॉमेंट ही माणसांसाठी लिहिलेली टीप. ती सुरू होताना एक खूण, संपताना दुसरी, आणि मधलं सगळं यंत्र न वाचता सोडून देतं. शेवटची खूण राहिली, तर पुढच्या कॉमेंटच्या शेवटापर्यंतचा खराखुरा कोडही गिळला जातो. त्यांचा कंपायलर यावर वॉर्निंग द्यायचा. "असली चूक गाढवच करेल," म्हणून मास्तरांनी आठ वर्षांपूर्वी तिचं तोंड कायमचं बंद केलं होतं.

यंदा कंपायलरच्याच कोडची साफसफाई निघाली. प्रोग्राममधली नावं तो एकाला एक जोडलेल्या लांबलचक साखळीत ठेवायचा. एक नाव शोधायचं तर अख्खी साखळी चाळा. तिच्या जागी कप्प्याकप्प्यांचं टेबल करायचं काम नवीकडे आलं. नवी म्हणजे सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली मुलगी. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि ते मास्तरांच्या शेऱ्यावर होतं.

जुन्या कॉमेंट्स मास्तरांनी स्वतःकडे घेतल्या. "हे तात्पुरतं आहे", वय वर्षं अठरा. "हे का चालतं देव जाणे." "खालचं विसरू नये." काय विसरू नये, ते लिहिणारा विसरला होता. लिहिणारे अर्थात मास्तरच.

बुधवारी दोघांचं काम एकत्र केलं. नवीने आपल्या सगळ्या टेस्ट, म्हणजे काम बरोबर चालतंय ना हे तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवल्या होत्या. मास्तरांनी एकही नाही. कॉमेंट्सनी कधी कोणाचं काही बिघडलंय?

गुरुवारी सकाळी एक्केचाळीस टेस्ट नापास. दुखणं एकच: कंसाच्या आत जन्मलेली नावं कंस संपला तरी मरायला तयार नव्हती.

"नावांचा मामला," मास्तर म्हणाले. "टेबल कोणाचं?"

"सर, मी तीनदा तपासलंय. तुमच्या फाइलमध्ये एकदा..."

"माझ्या फाइलमध्ये फक्त कॉमेंट्स आहेत."

नवी चौथ्यांदा तपासायला बसली. मास्तरांनी लगेच शेरा लिहून विभागप्रमुख मॅडमकडे पाठवला: "घाई करते. स्वतःची चूक मान्य करत नाही." घरी जेवताना बायकोला म्हणाले, "आजकालच्या पोरांना चूक दाखवली की राग येतो."

"पोरांनाच?" बायको म्हणाली. मास्तरांनी पाणी मागितलं.

शुक्रवारी त्यांना उदार व्हावंसं वाटलं. जाता जाता तरी पोरगी चार गोष्टी शिकेल, म्हणून ते तिच्या खुर्चीत जाऊन बसले. तिचं टेबल कुठे वापरलंय ते दाखवायला तिच्या स्क्रीनवर त्यांनी आपली फाइल उघडली. करड्या रंगातही आपल्या कॉमेंट्स काय सुबक दिसतात, असं मनात आलं. "खालचं विसरू नये"च्या जागी त्यांनी लिहिलं होतं, "कंस संपला, आतली नावं पुसा." त्याखाली नावं पुसणारी कोडची ओळ होती. तीही करडी.

मास्तरांनी चष्मा पुसला. ओळ करडीच राहिली. जुना मजकूर खोडताना शेवटची खूणही त्यांच्याच हातून खोडली गेली होती.

नवी मागे उभी राहून वहीत काहीतरी शोधत होती. खुणेची दोन अक्षरं दाबायची आणि "हं, सापडली तुझी चूक," म्हणून उठायचं. ते वाक्य मनात इतकं पटकन तयार झालं की मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

"इकडे बघ," ते म्हणाले. "ही ओळ करडी का?"

नवीने वाकून पाहिलं. तिला हसू आलं, आणि तिने ते आवरलं. आवरलेलं हसू मास्तरांना जास्त लागलं.

"मी तुमची फाइल बघितलीच नाही, सर. तुम्ही म्हणालात फक्त कॉमेंट्स आहेत."

"माझं ऐकलंस, एवढीच तुझी चूक."

ते तडक मॅडमच्या खोलीत गेले. "तो शेरा..."

"मागे घ्यायचाय?"

"नाही, शेरा अगदी बरोबर आहे. नाव तेवढं चुकलंय. तिथे माझं घाला." आणि त्यांनी रंगांपासून गाढवापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी शेरा पुन्हा वाचला. "तुमचं नाव घातलं तर आता दुसरं वाक्य खोडावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि नवीला कायम करण्याच्या कागदावर सही करून टाकली.

मास्तर जागेवर आले. वॉर्निंग परत सुरू केली आणि तिच्यावर कॉमेंट लिहिली: "ही बंद करू नये. एका गाढवाने केली होती." शेवटची खूण दोनदा तपासली.

"टेस्ट चालवल्या, सर?" नवीने पलीकडून विचारलं.

"अगं, फक्त एक कॉमेंट..." मास्तर म्हणाले, आणि मुकाट्याने सगळ्या टेस्ट लावून बसले.