चाकाखालचा देव

अजिनाथची पिकअप सुरू करायला तीन गोष्टी लागत : उतार, अजिनाथ आणि त्याच्या आईची लाथ.

चावी लागत नसे. ती पंकजाच्या खेळण्यांच्या डब्यात असायची, कारण साडेतीन वर्षांच्या पोरीइतकं तिचं कौतुक दुसऱ्या कुणालाच नव्हतं. गाडी डिझेलची, जुनी. रंग पांढरा होता असं आरसीबुकात लिहिलेलं होतं म्हणून मानायचं. स्टार्टर केव्हाच वारला होता. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तारेनं बांधायचं, दुसऱ्या बाजूचं फक्त बाहेरून उघडायचं. हॉर्न डावीकडं वळतानाच वाजे, त्यामुळं उजवीकडच्या लोकांनी आपापलं बघून घ्यावं. हँडब्रेकची दांडी जागेवर होती. तिला अजिनाथ ‘दागिना’ म्हणे. गिअरमध्ये ठेवून गाडी उभी करावी, तर थोड्या वेळानं गिअर आपला आपण खट्कन बाहेर यायचा.

म्हणून गाडी रोज संध्याकाळी घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून उभी राही, आणि पुढच्या चाकाखाली एक गोल काळा दगड. श्रीगोंद्याकडच्या त्या टेकाडावरच्या वस्तीला उतारांची ददात नव्हती आणि दगडांची तर नव्हतीच. सकाळी दुधाचे कॅन चढवले की अजिनाथ आत बसून ब्रेक दाबून धरी. त्याची आई, कडूबाई, पदर खोचून येई, टाचेनं दगड उडवी आणि ओरडे, “सुटली रंऽऽ!” गाडी घरंगळत लिंबापाशी गेली की अजिनाथ दुसरा गिअर टाकून क्लच सोडी. गाडी गचके खाई, खोकलून काढी, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा धूर ओकी, आणि चालू होई.

हे सगळं राजेश्वरी लग्न झाल्यापासून रोज बघत होती. राजेश्वरी म्हणजे अजिनाथची बायको, नगरच्या कॉलेजातली बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं गणित तिनं परीक्षेत सोडवलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण पुस्तकातल्या त्या ठोकळ्यासमोर कुणाची पोरगी मातीच्या भाकरी थापत बसलेली नसायची. पंकजा बसायची. सावली चांगली पडते म्हणून नेमकी गाडीच्या तोंडासमोर. दिवसातून दहा वेळा तिला उचलून आणावं, अकराव्या वेळी ती परत तिथंच.

गॅस बंद आहे का, हौदावर झाकण आहे का, पंकजा कुठं आहे, दगड जागेवर आहे का, असा राजेश्वरीचा दिवसभर फेरा चाले. धुणं धुताना चालू, भाकरी थापताना चालू.

“अहो, स्टार्टर बसवून घ्या ना,” ती म्हणायची. “मग गाडी मागं सपाटीला लावता येईल.”

“स्टार्टर लावला की गाडी आळशी हुती, मॅडम.” चिडवायचं असलं की तो तिला मॅडम म्हणे. “आमचा केडगावचा मिस्त्री सांगतो. जुन्या डिझेलला उतारच मानवतो.”

“तुमच्या मिस्त्रीची स्वतःची गाडी तरी चालू आहे का?”

“त्याची ठोकळ्यावर हाय. पन त्याचं ग्यान चालू हाय.”

“आणि दगड सरकला तर?”

“इतक्या वर्सांत सरकलाय का? तुझ्या पुस्तकातला सरकत आसंल. आमचा गरीब हाय.”

कडूबाईला मध्ये घालावं, तर तिचा जीव त्या लाथेत. सकाळी सकाळी लाथ मारली की दिवस बरा जातो, गुडघे मोकळे होतात, असं तिचं म्हणणं. नवरा हयात असताना जी संधी मिळाली नाही ती आता मिळतेय, असं शेजारची सुरेखाकाकू म्हणायची. कडूबाई त्यावर नाहीसुद्धा म्हणायची नाही.

खंडेनवमी आली. गाडी धुतली, झेंडूचे हार घातले. हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पूजा करायचं काम राजेश्वरीकडं. बॉनेटवर स्वस्तिक झालं, चारी चाकांना कुंकू लागलं, दागिन्यालासुद्धा बोट लावून झालं. मग ती दगडापाशी वाकली. ताटात मारुतीच्या शेंदराची वाटी होती. मागं पंकजा विचारत होती, “आई, याला पन?”

राजेश्वरीनं इकडं तिकडं बघितलं. वर्षानुवर्षं या घरात तिचं कुणी ऐकलं नव्हतं. पण देवाचं सगळे ऐकत. तिनं शेंदूर तेलात कालवला आणि दगड वरपासून खालपर्यंत असा माखला, की काळा ठिपका शोधून सापडू नये. मग न्हाणीत जाऊन कपड्यांच्या पावडरीनं तीनदा हात धुतले, कारण शेंदरात शिसं असतं आणि लहान पोर घरात आहे.

दसऱ्याच्या सकाळी अजिनाथ आत बसला, ब्रेक दाबला. कडूबाईनं पदर खोचला, पाय उचलला, आणि पाय तसाच हवेत राहिला.

“आये, मार की!”

“कुनाला?”

“कुनाला म्हंजे? दगडाला!”

“आरं, ह्यो दगड ऱ्हायलाय का आता? डोळं फुटलं का तुझं?” कडूबाईनं पाय हळूच खाली घेतला आणि त्याच पायानं केलेल्या आजवरच्या पराक्रमांबद्दल दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “देवा, चुकलं बाबा. रोज मारीत हुते. कळलं न्हाई.”

“कुणी लावला शेंदूर?” अजिनाथनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“पूजेत लागला असेल,” राजेश्वरी म्हणाली. “सगळ्याला लावायचं म्हणाला होतात तुम्ही.”

“मग तू मार लाथ.”

“मी? माहेराहून हेच शिकून आले का मी?”

अजिनाथनं स्वतः उतरून मारावी, तर ब्रेक कोण धरणार! शिवाय शेंदूर लागलेल्या दगडाकडं जवळून बघितल्यावर त्याचाही पाय काही उचलला जाईना. बाहेर मात्र तो आईला घाबरतो असंच दाखवत राहिला. दूध सुरेखाकाकूच्या टेम्पोत गेलं.

मग जे व्हायचं तेच झालं. संध्याकाळी सुरेखाकाकूनं दगडाला चांदीच्या कागदाचे डोळे चिकटवले. दुसऱ्या दिवशी कुणी उदबत्ती खोचली. तेल घेऊन शनिशिंगणापूरला निघालेला एक माणूस रस्ता विचारायला थांबला, तो एवढं लांब कशाला जायचं म्हणून अर्धी बाटली इथंच ओतून गेला. चाकाखालचा देव पावतो अशी बोलवा उठली. चाक त्याच्या डोक्यावर असूनही तो हसतोय, असं बायका म्हणत. ते हसू सुरेखाकाकूनं ओल्या शेंदरात नखानं कोरलेलं होतं, पण असो.

राजेश्वरीला मात्र सुख लागलं. गाडी हलत नव्हती. पंकजा गाडीत चढून स्टिअरिंग फिरवी, तोंडानं हॉर्न वाजवी, आणि राजेश्वरी खुशाल बघत राही. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं चहा गरम असताना प्यायला.

“बघा,” ती अजिनाथला म्हणाली, “आता तरी स्टार्टर बसवा. देवाचीच इच्छा दिसते.”

“येत्या शनवारी आये देवाला काढून लिंबाखाली बशिवनार हाय. मी ब्रेक धरनार, ती देव उचलनार. मग चाकाखाली दुसरा दगड.”

“दुसरा?”

“आख्खा माळ पडलाय, मॅडम. दगडाला काय तोटा हाय?”

एवढी अक्कल लढवून हाती काय आलं, तर दुसरा दगड.

शनिवारी वस्तीवरच्या बाया जमल्या. अजिनाथ ऐनवेळी नारळ आणायला मोटारसायकलवर गेला होता. पोरंटोरं पळत होती. राजेश्वरीनं पंकजाला काखेत घेतलं आणि विचार केला : गाडीच्या समोर नको, मागं नको, बाजूला बायांच्या पायांत तर नकोच. म्हणजे गाडीपासून सगळ्यात सुरक्षित जागा उरली गाडीतच. तिनं पंकजाला दुसऱ्या बाजूनं आत बसवलं आणि दार लावलं. ते आतून उघडत नाही, म्हणजे पोरगी बाहेर पडणार नाही. सगळ्या बाजूंनी विचार झाला होता. ती ताट आणायला वळली.

इकडं कडूबाईची घालमेल. “नारळ आणाय गेलाय का लावाय गेलाय? राहूकाळ लागंल आता!” तिनं पहार मागवली. “आगं, ब्रेक धराया नको का कुनी?” सुरेखाकाकू म्हणाली. “देवाचं काम हाय,” कडूबाई म्हणाली, “देव धरील.” तिनं बाजूनं पहार घातली आणि नमस्कार करून दाबली.

देव सुटला. कडूबाईनं तो पोटाशी धरला, कपाळ टेकवलं, आणि सवयीनं ओरडली, “सुटली रंऽऽ!”

ते दोन शब्द ऐकून राजेश्वरीच्या हातातलं ताट गेलं. गाडी आधी हळू, अगदी लाजत निघाली. आत पंकजा उभी राहून टाळ्या वाजवत होती. बायांनी गजर केला. त्यांना वाटलं, चमत्कार. राजेश्वरी उतारावरून जी धावली, तशी ती शाळेतल्या स्पर्धेतही धावली नव्हती. दाराची तार ओढली, एक पाय आत, एक पाय बाहेर, साडी दारात, आणि ती सीटवर पडली.

तिनं आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. पण बघितली रोज होती. ब्रेक दोनदा फुकट दाबायचा, तिसऱ्यांदा लागतो. तिनं दोनदा दाबला. तिसऱ्यांदा पायात साडी आली आणि तोही फुकट गेला. लिंब आला. लिंबापाशी काय करतात ते तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की हात आपोआप गेला. क्लच, दुसरा गिअर, क्लच सोड. गिअरनं तरी गाडी अडेल असं तिचं गणित. गाडी गचके खाऊन अडली खरी, खोकलली, काळा धूर सोडला, आणि अगदी गुणी लेकरासारखी चालू झाली.

“आई, अजून!” पंकजा म्हणाली.

इंजिन बंद करायची दांडी ओढायला पाना लागायचा आणि पाना अजिनाथच्या खिशात. राजेश्वरीनं एका हातानं पोरगी सीटवर दाबून धरली, दुसऱ्यानं स्टिअरिंग. समोरून मोटारसायकल आली. तिच्यावर अजिनाथ, मांडीत नारळ. त्यानं आपली गाडी ओळखली, मग आत कोण आहे ते ओळखलं, आणि नारळांसकट काटेरी झुडपात गेला. राजेश्वरीनं डावीकडं वळवली. त्यामुळं हॉर्न वाजला, आणि निदान रीतसर वाजवून ती नांगरलेल्या वावरात शिरली. मोठाल्या ढेकळांत दोन बैलांना जमणार नाही एवढी धूळ उडवून गाडी रुतली, गुरगुरली आणि बंद पडली.

अजिनाथ झुडपातून निघून पळत आला. अंगभर काटे. त्यानं आधी पंकजाला खिडकीतून बाहेर ओढलं, उलटी सुलटी करून बघितली. मग बायकोकडं बघितलं.

“चालू कशी केलीस?”

“रोज बघते ना.” राजेश्वरीचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते, सुटायला तयार नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला त्याचाही राग आला. “ब्रेक धरायला कुणी नव्हतं, म्हणून मीच आले.”

मागून कडूबाई देवाला काखेत मारून पोचली. “बघितलंस का अजा? देवानं चालवली! लेकराला नखसुदिक लागलं न्हाई!”

“आये, तूच काढला ना दगड?”

“मीच काढला. आन त्यानंच सांबाळलं. नायतर तुझ्या दागिन्यानं सांबाळलं आसतं व्हय?”

त्या रात्री जेवताना अजिनाथ दंडातले काटे उपटत होता. मग म्हणाला, “स्टार्टर बसवतो. दिवाळी झाली की बघू. तवर जरा मोठा दगड लावू. चांगला जड.”

राजेश्वरीनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं गाडी वावरातून ओढून परत उतारावर आणली. अजिनाथ ब्रेक दाबून आत बसला आणि ओरडला, “आये, एक दगड बघ गं!”

कडूबाई अंगणात शोधायला गेली. हौदाजवळचा दगड बघितला, हात जोडले. गोठ्याच्या दाराचा बघितला, हात जोडले. चुलीमागचा, कुंपणाचा, धुण्याचा, पाटाच्या कडेचा. सगळ्यांना ताजा शेंदूर, आणि बऱ्याच जणांना चांदीच्या कागदाचे डोळे. माळावर नजर पोचेल तिथपर्यंत, चाकाखाली जाईल एवढ्या मापाचा एकही दगड रिकामा उरला नव्हता.

“आरं अजा,” ती हरखून म्हणाली, “समदं गावच आलंय की देवांचं!”

ब्रेक दाबून दाबून अजिनाथच्या पायात गोळा आला होता. खिडकीतून त्याला ओट्यावर बसलेली बायको दिसत होती. पंकजाला मांडीवर घेऊन ती दातकोरणीनं नखं साफ करत होती, एकेक नख, अगदी निगुतीनं. तीनदा पावडरीनं धुऊनही नखांच्या कडा केशरीच होत्या.

त्यानं नखांकडं बघितलं. मग तिच्याकडं.

“मॅडम,” तो म्हणाला, “केडगावला मिस्त्रीला फोन लावा. आत्ता. माझा पाय ब्रेकवर हाय.”

फोन आधीच तिच्या कानाला होता.