तीन दशांश मिलिमीटर

मार्च महिन्याच्या अकरा तारखेस, मंगळवारी, सकाळी ठीक साडेदहा वाजता, लॅपटॉप बनवणाऱ्या एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरील बिनखिडकीच्या सभाकक्षात, नव्या यंत्राची जाडी कायमची ठरवण्यासाठी पाच माणसे एकत्र बसली होती. त्यांपैकी चौघांना ती जाडी चौदा मिलिमीटरच्या आत हवी होती. पाचव्यालाही हवी होती. पण त्याच चौदा मिलिमीटरांत त्याला आणखी एक गोष्ट बसवायची होती, आणि ती कोणासाठी, हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

या पाचव्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. प्रथम पाठीमागे म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर तोंडावरही म्हणू लागले, आणि तोही हाकेला ओ देऊ लागला. यंत्राच्या आतली जागा सांभाळणे हे त्याचे काम. पंख्याचा वारा कुठून निघेल, बिजागरी किती घट्ट असेल, झाकण मिटल्यावर काच आणि कळा यांच्यात किती अंतर उरेल, या सगळ्याचा तो राखणदार होता. वाद घालणे हा आपला दुर्गुण नसून व्यवसाय आहे, असे तो म्हणे. भिंतीत खिळा ठोकण्याआधी तो खिळ्याची जाडी मोजतो अशी कार्यालयात अफवा होती. ती खरी होती.

त्याच्या समोर बसला होता ‘शिल्पकार’. यंत्राचे बाह्यरूप ठरवणारा, पस्तिशीतला, गोड बोलणारा आणि गोड बोलूनही मागे न हटणारा. वाद कीबोर्डवर अडला होता.

“काका, कळ नऊ दशांश मिलिमीटर खाली जाते, तेवढं पुष्कळ झालं,” शिल्पकार म्हणाला. “विहिरीत पोहरा सोडायचाय का?”

“दाबली गेली की नाही ते बोटाला कळायला नको?”

“डोळ्यांना कळतं की. अक्षर समोर उमटतंच.”

मिलिमीटर म्हणाला, “सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही.”

“आणि ओबडधोबड सुरी कोणी हातातच घेत नाही, काका. आधी हातात तर घेऊ द्या लोकांना!”

सगळे हसले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. कंपनीचा शेवटचा शब्द त्यांचा असे.

“किती हवंय तुम्हाला?” त्यांनी विचारले.

“कळ एक पूर्णांक चार दशांश खाली गेली पाहिजे. म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्त.”

“दाखवा मग.”

ही त्या कंपनीची जुनी रीत होती. जो जागा मागेल, त्यानेच ती यंत्रात कुठून काढायची हे दाखवावे. नुसते युक्तिवाद करणाऱ्याला तिथे कोणी विचारत नसे. ही रीत मिलिमीटरनेच तरुणपणी पाडली होती आणि तिचा त्याला अभिमान होता.

त्याला अर्धा मिलिमीटर हवा होता तो बायकोसाठी. ती एका रुग्णालयाचे टंकलेखन घरून करी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आपले अहवाल ध्वनिमुद्रित करून पाठवत आणि ती ते कानाला हेडफोन लावून उतरवी. तीस वर्षांत तिच्या पानात चूक सापडली असेल तर ती डॉक्टरांची. पण दोन वर्षांपासून तिची नजर कडांकडून विझत चालली होती. आता जगाचा मधला एक नाण्याएवढा तुकडा तेवढा उरला होता, आणि त्याने वाचायला गेले की डोके ठणके. म्हणून ती डोळे मिटूनच टाइप करी. “डोळे गेले तरी बोटं आहेत,” असे ती म्हणे. “फक्त बोटांना काही लागेल असं मशीन ठेवा म्हणावं तुमच्या लोकांना. हल्लीच्या त्या चपट्या मशीनवर टाइप करणं म्हणजे टेबलावर तबला वाजवणं.” तिचा जुना, जाडजूड लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता. नव्याबद्दल तिने दुसरी काही मागणी केली नव्हती. नवऱ्यानेही दुसरे काही विचारले नव्हते.

हे त्याने सभेत का सांगितले नाही? सांगितले असते तर सगळे हळहळले असते, आणि ज्याच्या युक्तिवादाला हळहळीचा टेकू लागतो त्याचा युक्तिवाद लंगडा, असे त्याचे मत होते. घरचे गाऱ्हाणे दारात मांडून मिळवलेला अर्धा मिलिमीटर त्याला नको होता.

दोन दशांश त्याने चटकन काढून दाखवले. तळाच्या रबरी पायांची उंची तेवढी कमी होऊ शकत होती. उरले तीन. त्याने नमुना उचलला, झाकण मिटून दिव्यासमोर आडवा धरला आणि फटीतून पाहू लागला. बराच वेळ पाहिले. मग झाकण उघडून त्याने मधल्या ओळीतल्या दोन कळांवर नख टेकवले.

प्रत्येक कीबोर्डवर, जिथे दोन्ही हातांच्या तर्जन्या विसावतात त्या दोन कळांवर, नखाच्या कडेएवढा एकेक उंचवटा असतो. उंची तीन दशांश मिलिमीटर. मिटलेल्या झाकणाची काच या दोन टेंगळांना टेकू नये, एवढ्यासाठी सबंध कीबोर्डवर तेवढी जागा मोकळी सोडावी लागे.

“हे दोन काढून टाका,” तो म्हणाला. “काच तेवढी खाली येईल. झाला अर्धा.”

शिल्पकाराचा चेहरा उजळला. कीबोर्ड आरशासारखा सपाट असावा, हे त्याचे जुने स्वप्न होते. तरी त्याने विचारले, “नक्की ना, काका? कोणाला लागत असतील तर?”

“सव्वीस वर्षं कीबोर्ड बनवतोय मी. मला कधी लागले नाहीत.”

यात असत्य काही नव्हते. सव्वीस वर्षे कीबोर्ड बनवणारा हा मनुष्य स्वतः मात्र दोन बोटांनी, कळांवर डोळे लावून, कोंबडीने दाणे टिपावेत तसा टाइप करीत असे. कळ किती ग्रॅम भाराने दबते हे त्याला तोंडपाठ होते. उंचवटा कशाला असतो हेही त्याने पुस्तकात वाचले होते. पण वाचलेले आणि बोटाला लागलेले यांत जे अंतर असते, ते त्याच्या व्हर्नियर मापपट्टीवर कधी उमटले नव्हते. मोठ्या बाईंनी सही केली. मिलिमीटर जिंकून बाहेर पडला आणि आपल्या टेबलाशी येऊन, कोणी पाहत नाही असे बघून, हसला.

आठ महिन्यांनी यंत्र तयार झाले. पहिल्या पन्नासांतला एक लॅपटॉप त्याने घरी आणला. बायकोने खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तो मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा चाचपला, हात कळांवर ठेवले आणि चार ओळी वाजवल्या.

“अहो, खोल जातात की हो!” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उघडल्यासारखा झाला. “कसं काय जमवलंत?”

“भांडलो,” तो म्हणाला.

“त्यात काय नवीन! दिसतो कसा?”

“दिसायला...” तो अडखळला. “लोक म्हणतात सुंदर आहे.”

जुना लॅपटॉप तो दुसऱ्याच दिवशी कार्यालयात घेऊन गेला. निवृत्त यंत्र करवतीने आडवे कापायचे आणि आतले थर दिसतील असे कपाटात मांडायचे, ही त्याच्या विभागाची पद्धत. त्याने स्वतः करवत धरली. कापलेल्या कडेवर जुन्या कळांची खोली आणि खाली नव्या कळांची, असे दोन्ही आकडे त्याने सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवले.

चौथ्या दिवशी रुग्णालयाच्या टंकलेखन विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर लावून बायकोपुढे धरला.

“ताई, तब्येत बरी आहे ना तुमची?” प्रमुखांनी विचारले. “कालच्या अहवालाचं पहिलं पान ठीक आहे. पुढची तीन पानं म्हणजे... कसं सांगू, कोणत्याच भाषेत नाहीत ती. आज सकाळी त्या पेशंटचं ऑपरेशन होतं, डॉक्टर वाट बघत थांबले. आम्ही इथे घाईघाईने परत टाइप केलं.”



“तीस वर्षं तुम्ही आमचं काम केलंत, म्हणून एवढंच सांगतो,” प्रमुख पुढे म्हणाले. “परत असं झालं तर मला थांबवावं लागेल. माझ्या हातात नाही.”

झाले होते ते साधे होते. पहिल्या पानानंतर ती पाणी प्यायला उठली. परत येऊन हात ठेवले ते एक कळ डावीकडे. मग तीन पाने ती अचूक वेगाने, अचूक ठेक्यात, एका कळेने चुकत गेली.

“मला खूण सापडत नाही हो,” ती म्हणाली. तिची बोटे त्या सपाट कळांवर भिंत चाचपावी तशी फिरत होती. “बोटं आपल्या घरी आलीत की शेजाऱ्याकडे शिरलीत, कळणार कसं? तिथे टोचायचं ना काहीतरी, तर्जनीखाली. कुठे गेलं ते?”

सभेत त्याने नख टेकवलेल्या त्या दोन कळा त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“डिझाइनवाल्यांनी काढलं असेल,” तो म्हणाला. “त्यांना सगळं गुळगुळीत लागतं.”

“मेले! नाकापेक्षा मोती जड,” ती म्हणाली. त्याने मान डोलावली, आणि ती डोलावलेली मान तिला दिसली नाही याचे त्याला बरे वाटले.

त्याच दुपारी त्याने टाचणीच्या टोकाने त्या दोन कळांवर गोंदाचा एकेक थेंब ठेवला. थेंब वाळले, तिच्या बोटांना सापडले, काम पुन्हा सुरळीत झाले. “झाकण मात्र मिटू नकोस,” त्याने बजावले. का, ते सांगितले नाही.

बारा दिवस ती विसरली नाही. तेराव्या दिवशी, फरशी पुसताना, तिने लॅपटॉप टेबलावरून उचलून खाटेवर ठेवला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने झाकण मिटले. काच खाली आली. तिथे तीन दशांश मिलिमीटर नव्हते. ते केव्हाच खर्ची पडले होते. एक थेंब काचेला चिकटून निघाला, दुसरा अर्धा. नंतर हात ठेवले तेव्हा उजव्या तर्जनीखाली काहीतरी खरखरीत लागले आणि ती निर्धास्त झाली. ती काचेवरून सुटून शेजारच्या कळेवर चिकटलेली गोंदाची खपली होती. त्या दिवशी दोन अहवाल तसेच चुकीचे गेले. संध्याकाळी प्रमुखांचा फोन आला आणि या वेळी ते “ताई” म्हणाले ते अगदी शेवटी.

दुसऱ्या दिवशी मिलिमीटर शिल्पकाराच्या दालनात शिरला. त्याला कोणावर तरी ओरडायचे होते आणि त्या कामासाठी हाच माणूस त्याच्या सवयीचा होता.

“तुमच्या त्या आरशापायी एका माणसाची भाकरी गेली!”

शिल्पकाराने सगळे ऐकून घेतले. बायकोचे डोळे, रुग्णालय, गोंद. मिलिमीटरने आठ महिने राखून ठेवलेले सगळेच एका दमात बाहेर आले. शिल्पकार खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला.

“काका, मार्चमध्ये हे बोलला असतात, तर मी माझ्या हाताने ते उंचवटे परत लावले असते. झाकणात जागा काढली असती, काहीतरी केलं असतं.” तो थांबला. “मी विचारलंसुद्धा होतं, कोणाला लागतील का म्हणून. तुम्ही एकेका स्क्रूसाठी तास तास भांडता. आम्ही सगळे धरूनच चालतो, की ज्याच्यासाठी मिलिमीटर भांडला नाही त्याची गरज कोणालाच नाही.”

सव्वीस वर्षांत मिलिमीटर प्रथमच त्या दालनातून शेवटचा शब्द न बोलता बाहेर पडला. जाताना नमुन्यांचे कपाट लागले. कापलेल्या लॅपटॉपच्या कडेवर त्याचे सुवाच्य आकडे होते. कडेच्या मागे, अर्ध्या कीबोर्डवर, एक उंचवटा अजून शाबूत होता. त्याने काच सरकवून त्यावर तर्जनी ठेवली. डोळे मिटले. काढली, पुन्हा ठेवली. बोट दर वेळी आपोआप तिथेच येऊन थांबत होते.

वाटेत त्याने जोडायचा एक जाड, कुरूप कीबोर्ड विकत घेतला. घरी ती खिडकीशी बसली होती. हेडफोन गुंडाळून टेबलावर ठेवले होते; वायरीला तिने व्यवस्थित गाठ मारली होती. त्याने नवा कीबोर्ड जोडून तिच्या हाताखाली सरकवला. तिच्या तर्जन्या दोन उंचवट्यांवर जाऊन थांबल्या.

“हा बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता यावर काय टाइप करू?”

त्याने कीबोर्डची वायर टेबलामागे सरकवली.

“एक सांगा. झाकण आणि कळा यांच्यात गोंदाच्या थेंबाएवढीही जागा का ठेवली नाही त्यांनी?”

“त्यांनी नाही,” तो म्हणाला. “ती जागा मी काढून घेतली. कळ खोल जावी म्हणून. उंचवटे मी काढायला लावले.”

बाहेर कोणीतरी फाटक लोटले. ती त्याच्याकडे वळली. तिच्या नजरेचा उरलेला तुकडा त्याचा चेहरा शोधत थोडा डावीकडे गेला, मग नेमका येऊन थांबला.

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच.”

“आणि मी याच घरात होते. रोज.”

“हो.”

तिने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले.

“मग मला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली.