थोरला की धाकटा

"अगं, बंद का केलंस? कोण होतं दारात?" पलंगावरून सासूबाई कडाडल्या.

सुनेने मोबाइल शिलाई मशीनच्या फळीवर पालथा ठेवला आणि शाळेच्या गणवेशाची बाही सुईखाली सरकवली. "माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे? लाव की पुढे!"

"मीही इथपर्यंतच वाचलं होतं, आई."

सासूबाईंची नजर गेल्या वर्षी गेली. जीभ मात्र शाबूत होती. दिवसभर पलंगावर पडून करायचं काय, तर सुनेला हाका मारायच्या. शेवटी परगावी शिकणाऱ्या नातीने एक जुनी कादंबरी शोधून मोबाइलवर पाठवली आणि मोबाइलला ती मोठ्याने वाचायला कसं लावायचं तेही आईला शिकवलं. कादंबरी कुठली हवी ते आईनेच सांगितलं होतं. नातीला वाटलं, आईला आजीची किती काळजी!

मोबाइलमधली बाई एका सुरात वाचायची. प्रेमाची कबुली आणि पानाचा आकडा तिला सारखेच. 'तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही तो म्हणाला एकशे सात.' पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हिला जेवायला घालत नाहीत का गं?" पण दोन-तीन दिवसांतच सकाळपासून त्या तिची वाट बघू लागल्या.

गोष्ट होती घड्याळजीच्या पोरीची. तिच्या बापाला त्याच्याच दोन भावांपैकी एकाने विष दिलेलं. थोरल्याने की धाकट्याने, ते काही केल्या कळत नव्हतं. सासूबाईंचा राग थोरल्यावर, सुनेचा संशय धाकट्यावर. त्यावरून दोघी कडाकडा भांडायच्या, आणि कधी नव्हे ते भांडण घरातलं नसायचं. आज गोष्टीत दारावर थाप पडली, पोरीने कडी काढली आणि नेमकं तिथेच सुनेने बोट ठेवून वाचन थांबवलं.

"माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष आठवतंय?" सून म्हणाली. "दूध उतू गेलं, म्हणून तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक ओढलंत आणि शेगडीत घातलंत. हेच पुस्तक. मी याच पानावर होते."

सासूबाई चाचपडत पांघरूण सारखं करू लागल्या.

"वाचनालयाचं होतं ते. पुन्हा दारात उभं केलं नाही त्यांनी मला. आणि वर तुम्ही म्हणालात, पुस्तकं वाचून कुणाचे संसार झालेत?"

"एवढ्याशा गोष्टीचा इतकी वर्षं डूख धरलास?"

"एवढीशी तर एवढीशी. आता तुम्हीही राहा तशाच. नाहीतर चुकलं म्हणा, लगेच लावते."

"मी? सुनेपुढे?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

खोटं कशाला बोला, सुनेला गार गार वाटलं. त्या दिवशी बाह्या भराभर शिवून झाल्या. ती चक्क गुणगुणत होती.

मग सासूबाईंनी मुलाला मध्ये घातलं. तो बिचारा कामावरून आला की सुरू करायचा, "सांगून टाक ना एकदाचं. डोकं खाल्लंय तिने माझं."

"मला तरी कुठे माहीत आहे?" सून म्हणायची. ते खरंच होतं. तिने पुढे ऐकलं नव्हतं.

सासूबाईंनी हातातल्या बांगड्या देऊ केल्या. "बांगड्या नकोत, आई. एक शब्द हवा." तो काही येईना. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, आणि इथे तर दोन्हीकडे पीळ.

थंडीत सासूबाईंना ताप भरला, तो छातीत उतरला. सून चमच्याने पाणी पाजत होती, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"सूनबाई..."

तिने चमचा खाली ठेवला. आता येणार, तिला वाटलं.

"थोरलाच असणार तो," सासूबाई म्हणाल्या.

"चुकलं म्हणा ना, आई. आत्ता लावते."

"थोरलाच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आलेली माणसं पांगली, घर रिकामं झालं, तेव्हा सून पुन्हा मशीनवर बसली. गणवेश तसेच पडले होते. तिने मोबाइल उचलला आणि वाचन पुढे सुरू करायची खूण दाबली.

'कोण आहे तिने विचारलं एकशे बेचाळीस,' मोबाइलमधली बाई म्हणाली.

सुनेने घाईघाईने बोट ठेवलं. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"धाकटाच आहे," ती त्या दिशेने मोठ्याने म्हणाली. मग थोडं थांबून, आणखी मोठ्याने, "धाकटाच!"

कोणी कडाडलं नाही. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि अर्धवट राहिलेली बाही सुईखाली घेतली.