कितीला पडली?

मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंग मूळचा निळा, आताचा कुठला ते तुम्हीच ठरवा. चाकं गेली, समोरची काच गेली, आणि उजव्या दाराला एक मोठा पोचा आहे. नीट बघितलंत तर त्यात एका माणसाच्या पाठीचा आकार दिसेल. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही, आणि मी ती गोड करून सांगणारही नाही. मी जन्माचीच रागीट आहे. जिचा जन्मच मार खाऊन झाला, ती आणखी कशी असणार?

कारखान्यात मी पत्र्याचा एक सपाट तुकडा होते. वरून भलंमोठं यंत्र आदळायचं. एका ठोशात दार, दुसऱ्या ठोशात छप्पर. मग ठिणग्या उडवत त्यांनी मला जाळून जाळून जोडलं. एवढं बदडून झाल्यावर वर रंग फासला, मऊ कपड्याने पुसलं आणि म्हणाले, वा, काय सुंदर दिसते!

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. माणूस शिस्तीचा. तेल वेळेवर, ब्रेक वेळेवर, विमा वेळेवर. नऊ वर्षं त्यांनी मला कुरकुरू दिलं नाही. फक्त एकदा ते किल्ली आत विसरले आणि दार बंद झालं. दवाखान्यात पेशंट खोळंबलेले. डॉक्टरांचा पारा चढला. त्यांनी काच फोडायला चक्क पाना उचलला. माझ्या तर पोटातलं पेट्रोल गोठलं.

तेवढ्यात कोणीतरी कुलूपवाल्याला घेऊन आलं. सडपातळ माणूस, खांद्याला पिशवी. तो म्हणाला, "थांबा हो डॉक्टर. फोडायला अक्कल लागत नाही."

त्याने एक तार काढली. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत ती धरली, कान माझ्या दाराला लावला आणि डोळे मिटले. मला जन्मल्यापासून इतक्या हळुवारपणे कोणी हात लावला नव्हता. तार आत शिरली ते कळलंही नाही. टक्‌ असा आवाज झाला आणि मी उघडले. एक ओरखडासुद्धा नाही! खरं सांगते, मी त्या बोटांवर जीव टाकला.

जीव त्यानेही माझ्यावर टाकला होता. "विकायची झाली तर आधी मला सांगा हं," तो डॉक्टरांना म्हणाला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी शब्द पाळला. किल्ली देताना ते म्हणाले, "हे बघा, घ्यायचे पैसे एकदाच लागतात. पोसायचे दर महिन्याला. ते बाजूला काढलेत का?" कुलूपवाल्याने दातांच्या डॉक्टरांसमोर नुसतेच दात काढले.

त्याचं घर एका उताराच्या माथ्यावर होतं आणि कुलपांचं दुकान अगदी पायथ्याशी, तोंड रस्त्याकडे. घरात तो, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. धाकटा त्याला दादा म्हणायचा आणि तिला वहिनी. दुकान दोघा भावांचं. वहिनी सकाळी लवकर खाली जाऊन गल्ल्यावर बसायची आणि किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधायची.

मी दारात उभी राहिले आणि सगळी गल्ली गोळा झाली. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: "कितीला पडली?" दादा आधी उजव्या हाताची पहिली दोन बोटं वर करायचा, तार धरायची तीच. मग ऐटीत म्हणायचा, "दोन. फक्त दोन लाख!" महिनाभर ती दोन बोटं हवेतच होती.

मित्रांनो, इथेच पहिली चूक झाली. दोन लाखांना मी फक्त विकली गेले होते. पडायला तर मी त्यानंतर सुरुवात केली.

मी खादाड आहे, हे मी लपवत नाही. चालले तरी खाते, उभी राहिले तरी खाते. उन्हात नुसती उभी असले तरी टायर तडकतात, बॅटरी उतरते आणि विम्याचे दिवस सरतात. आणि एवढं खाऊन माझी किंमत मात्र दरवर्षी उतरत होती. खाऊन खाऊन रोडावणारं जनावर तुम्ही कधी पाहिलंय? ते मी.

त्यातून दादाचा एक स्वभाव होता. जे लोकांना दिसतं त्यावर तो लगेच खर्च करायचा. माझ्या सीटांना वाघाच्या पट्ट्यांची कव्हरं आली. पाच सुरांत बोंबलणारा हॉर्न आला. पण हँडब्रेकची केबल तुटली तेव्हा गॅरेजवाले काका घसा फोडून सांगत होते, "अरे बाबा, आधी केबल टाकून घे. तू उतारावर राहतोस. किरकोळ काम आहे." दादा म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू. तोवर दगड आहे की! दगड फुकट मिळतो."

घरामागून त्याने पावाच्या आकाराचा एक काळा दगड आणला आणि माझ्या पुढच्या चाकाखाली सारला. पुढे स्टार्टर गेला, तेव्हा तर त्याला उताराचा फायदाच सापडला. मला न्यूट्रलमध्ये उभी करायचं, तोंड खाली. सकाळी दादा आत बसून ब्रेकवर पाय ठेवणार, धाकटा दगड काढणार आणि मागून धक्का मारणार. मी गडगडत खाली जायला लागले की दादा गिअर टाकणार आणि मी खोकत सुरू होणार. एका दगडात दोन पक्षी, असं तो हसून सांगायचा. घरात मात्र नवीनच प्रश्न रूढ झाला. कोणीही आत शिरलं की वहिनी आधी विचारायची, "दगड लावला का?" पाणी नंतर.

आता धाकट्याबद्दल सांगते. दुकानात किल्ली कापायचं मशीन नव्हतं. प्रत्येक किल्ली तो हाताने कानस मारून घडवायचा. त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते. मशीन घ्यायचं म्हणून तीन वर्षं तो पैसे साठवत होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वहिनीच्या कपाटात, कपड्यांच्या मागे. माझा क्लच गेला तेव्हा दादाने त्यातले थोडे काढले. चार दिवसांनी ठेवू म्हणाला, स्वतःशीच. मग टायर आले. मग, मला सांगायलाही लाज वाटते, तो हॉर्न आला. डब्याला वाचा नव्हती आणि मला नुसती बोंब होती.

एका सकाळी मशीनवाल्याचा निरोप आला, पैसे घेऊन या. वहिनी खाली दुकानात गेली होती. दादा मला पुसत होता. दार लावून, किल्ली खिशात टाकून समोरची काच चमकवत होता. धाकटा घरातून बाहेर आला. हातात डबा, झाकण उघडं.

"दादा, डबा रिकामा आहे."

"असेल," दादा फडकं न थांबवता म्हणाला. "क्लच गेला होता ना. देतो की."

"कधी? मशीनवाला आज बोलावतोय."

"एवढं काय त्यात? घरचीच गाडी आहे. तू बसत नाहीस का तिच्यात?"

"मी बसत नाही दादा, मी धक्का मारतो!"

दादाने फाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. खरं झोंबलं की हात आधी उठतो. धाकट्याने डबा फेकून मारला, तो दादाच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. मग दोघं एकमेकांवर तुटून पडले. दादाने त्याची गचांडी धरून त्याला माझ्या उजव्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पत्रा आत गेला. तोच हा पोचा. धाकट्याने डोकं घालून दादाचं नाक फोडलं. लाथा, बुक्क्या, शिव्या! ज्या भावाने ज्याला कडेवर खेळवलं, त्याचाच गळा तो दोन्ही हातांनी आवळत होता. आणि हे सगळं माझ्यापायी. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, मी पत्रा आहे रे, नुसता पत्रा!

धाकट्याने स्वतःला सोडवलं. तोंडात रक्त, डोळ्यांत पाणी. तो इकडेतिकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्या चाकाकडे गेली. तो खाली वाकला आणि त्याने दगड उपसला.

"हिलाच संपवतो आता!"

"फोड!" दादा किंचाळला. "फोड ना! फोडायला अक्कल लागत नाही!"

दगड माझ्या समोरच्या काचेतून आरपार गेला. हजार तुकडे उडाले, दोघांच्या अंगावर, वाघाच्या पट्ट्यांवर. दोघं धापा टाकत उभे होते. कोणाच्याच लक्षात आलं नाही की दगड आता चाकाखाली नाही, माझ्या सीटवर आहे.

तडकलेले टायर क्षणभर जागेलाच चिकटून राहिले, आणि मग मी हलले.

मित्रांनो, मला थांबायचं होतं. पण थांबायला गाडीकडे इच्छा असून भागत नाही, केबल लागते. माझ्याकडे ती नव्हती.

धाकट्याने आधी पाहिलं. "दादा, गाडी!" दादा दाराकडे झेपावला. दार कुलूपबंद. गावातली सगळी कुलपं उघडणारा तो माणूस, स्वतःच्या दाराची मूठ हिसकत माझ्याबरोबर धावत होता, आणि खिशातली किल्ली रक्ताने बुळबुळीत झालेल्या हातात येत नव्हती. खाली, उताराच्या पायथ्याशी, वहिनी मान खाली घालून चिठ्ठ्या बांधत बसली होती.

ते दादाने पाहिलं. किल्लीचा नाद सोडून तो माझ्या पुढे आला आणि बॉनेटवर दोन्ही हात रोवून त्याने मला रेटलं. त्याच्या टाचा रस्त्यावर घासत होत्या, चपला कधीच सुटल्या होत्या. "बाजूला हो!" तो मागे न बघता ओरडत होता. "अगं, बाजूला हो! ऊठ!" धाकट्याने मागून माझा बंपर धरला होता आणि तो फरफटत येत होता. मी दोघांनाही जुमानलं नाही. हजार किलोंचं धूड मी, मला काय त्यांचं!

वहिनीने मान वर केली आणि तिने बाजूला उडी मारली. पुढच्याच क्षणी मी दुकानात घुसले. गल्ला फुटला, किल्ल्या पावसासारख्या उधळल्या. दादा शेवटच्या क्षणी कडेला फेकला गेला. सगळा फेकला गेला, फक्त उजवा हात मागे राहिला, माझा बंपर आणि शटरची लोखंडी चौकट यांच्यामध्ये. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही. आयुष्यात मी लोखंडाचे पुष्कळ आवाज ऐकले. तो लोखंडाचा नव्हता.

लोकांनी पहारी घालून मला मागे ओढलं. कोणी लाथा घातल्या, कोणी थुंकलं. बरोबरच केलं. धाकट्याने वाघाच्या पट्ट्यांचं कव्हर टराटरा फाडलं आणि दादाच्या हाताला गुंडाळलं. "दादा, दादा," एवढंच तो म्हणत होता. दादा मात्र वहिनीकडे बघत होता. "तुला लागलं नाही ना?" तिने मान हलवली आणि मग मोठ्याने रडायला लागली.

पहिली दोन बोटं वाचली नाहीत. माझ्या विम्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती, त्या महिन्यात हॉर्न आला होता. इस्पितळ, दुकान, गल्ला, सगळं उसनवारीवर उभं राहिलं. मशीन अजून आलेलं नाही.

मी दुकानासमोरच गंजत उभी आहे. दुकानात आता दादा कुलपाला कान लावून बसतो आणि तार धाकटा धरतो. "डावीकडे," दादा सांगतो. "हळू. जोर नको. आता वर." कुलूप उघडलं की दादा पुढचं कुलूप हातात घेतो. त्या सकाळबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोललेलं मी ऐकलं नाही. धाकटा दादाच्या शर्टाची सुटलेली बटणं लावून देतो, तेवढंच.

काल भंगारवाला आला. त्याने माझ्याभोवती फेरी मारली, पत्रा ठोकून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला. उद्या गॅसच्या ज्योतीने मला कापतील. जाळून जोडलं होतं, जाळूनच सोडवतील, माझी तक्रार नाही. जाता जाता तो सहज म्हणाला, "चांगली होती हो एके काळी. कितीला पडली होती?"

दादाचा उजवा हात सवयीने वर गेला. ऐटीत, खांद्याच्या वर, दोन दाखवायला.

वर काहीच नव्हतं. वहिनीने तोंड फिरवलं. धाकट्याच्या हातातली कानस थांबली. दादाने तो हात खाली घेतला आणि खिशात घातला.

"अजून पडतेच आहे," तो म्हणाला.

भंगारवाल्याला ते कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल. मित्रांनो, मोठे झाल्यावर गाडी जरूर घ्या. मी गाड्यांची वैरीण नाही. पण घेण्याआधी तिला पोसायचं बळ आहे का ते बघा, आणि दुसऱ्याच्या डब्यातून तिला भरवू नका. हॉर्नआधी ब्रेक घ्या. आणि घरात कोणी किरकोळ दुरुस्तीवर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणालं, तर त्याचा हात धरा. दोन्ही हात धरा, दहाही बोटं मोजा, आणि त्याला गॅरेजात घेऊन जा.