ओढणीची टाचणी

यंदा ईस्टरच्या पहाटे देवदूत ज्योवी होणार, असं फादर एल्मरनी चर्चमध्ये सांगितलं आणि तिकायच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

ज्योवी ही सियोनची नात. म्हणजे पुन्हा सियोनच! साठ वर्षांपूर्वी मालाबोग गावच्या याच चर्चपुढे, बांबूच्या माचीवर, पंख लावून सियोन उभी राहिली होती आणि तिकाय खाली गर्दीत मेणबत्ती धरून. "तू फार उंच आहेस गं," तेव्हाचे फादर तिकायला म्हणाले होते. पुढे सियोनला चार मुलं झाली, तिकायला एकही नाही; गावाला मात्र दोघीही 'लोला', म्हणजे आजी. सियोनची थोरली दुबईला गेली आणि सियोनच्या घरावर निळे पत्रे चढले. त्या थोरलीची बाप्तिस्म्याची धर्ममाता तिकायच, म्हणून दोघी एकमेकींना 'मारे', म्हणजे जोडलेली बहीण, म्हणत. तोंडानं म्हणायला काय जातंय!

सियोनकडे नाही असं तिकायकडे एकच होतं. मरियामातेला नेसवायचा मान. युद्धात जपानी सैनिकांनी चर्चमध्ये तळ ठोकला, तेव्हा तिकायच्या आजीनं मूर्ती आपल्या घरच्या भाताच्या कणगीत पुरून वाचवली होती. तेव्हापासून मान त्या घराचा. ही गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती, आणि कोणी विसरलंच तर तिकाय आठवण करून द्यायची. मातेचे कपडे, मातेचे केस, दुखवट्याची काळी ओढणी, सगळं एका पेटीत आणि पेटीची किल्ली तिकायच्या गळ्यात.

शनिवारी ती मातेला नेसवत होती तेवढ्यात सियोन आली. हातात निळ्या मखमलीचा, सोनेरी काठाचा झगा.

"मारे, लेकीनं पाठवलाय. फादर म्हणाले, उद्या हाच घालू."

"मातेच्या मापाचा आहे का?"

"माप मीच घेतलं होतं की. तू इथंच बाकावर डुलक्या काढत होतीस तेव्हा." सियोन हसली. "रागावू नको गं. तुझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. थोडा भार आमच्यावर टाक."

"अजून मेले नाही मी."

"मरायची भाषा कशाला? आमची ज्योवी बघ, मातेची ओढणी उचलायला जमावं म्हणून वाळत घातलेल्या चादरी ओढून ओढून सराव करतेय. एक चादर दोरीवर राहू देत नाही बया!"

झगा मातेला अगदी बेतल्यासारखा बसला. तिकायला ते सगळ्यात जास्त झोंबलं.

पहाटे पुरुष पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती घेऊन बाजाराकडून निघाले, बायका काळ्या ओढणीतल्या मातेचा रथ घेऊन समुद्राकडून. मायलेकरांची भेट माचीखाली व्हायची. देवदूतानं ओढणी उचलली की दुखवटा संपला, घंटा सुरू. वाटेत वारा ओढणी उडवतो म्हणून तिला टाचण्या लावायच्या, आणि माचीपाशी पोचण्याआधी तिकायनं त्या काढायच्या, ही जुनी रीत.

तिकायनं तीन काढल्या. चौथी मातेच्या उजव्या कानामागे, केसांत खोल होती. तिच्यावर बोट ठेवून तिनं वर पाहिलं. माचीवर पांढऱ्या पंखांत ज्योवी उभी होती, हुबेहूब त्या दिवसाची सियोन. आणि खाली आताची सियोन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "झगा दुबईचा बरं का!"

तिकायनं हात खाली घेतला. विसरली नाही ती. ठेवली.

गाणाऱ्या पोरींनी सूर लावला. ज्योवीनं वाकून ओढणी धरली आणि ओढली. ओढणी हलेना. पुन्हा ओढली, तशी मातेची मान डुलली आणि बायकांनी छातीवर हात मारले. गाणं त्याच ओळीवर अडकून पडलं. ओढणी अडली की मासळी जाते, भात बुडतो, हे मालाबोगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"पांढऱ्या पायाची दिसतेय पोर," मागून कोणीतरी म्हणालं. सियोनचा चेहरा पडला. तो पाहून तिकायच्या जिवाला असा काही थंडावा मिळाला की क्षणभर तिला ज्योवी दिसलीच नाही.

"लोला तिकाय, तुम्हीच चढा वर," फादर ओरडले. "लवकर!"

लोकांनी तिला हात देऊन रथावर चढवलं. जवळ गेल्यावर माचीवरून ज्योवी कुजबुजली, "लोला, उपासाच्या शुक्रवारी मी डुकराची तळलेली कातडी खाल्ली. कुरकुरीत होती म्हणून. त्यामुळं माता रुसली ना माझ्यावर?" तिच्या नाकातून पाणी गळत होतं.

तिकायनं टाचणी उपसली. ओढणी आपसूक घसरून तिच्याच हातात आली. घंटा वाजल्या. गर्दीतून आवाज उठला, "मातेला तिकायचाच हात हवा होता!" लोक टाळ्या वाजवू लागले.

साठ वर्षं तिनं हेच मागितलं होतं. आणि पंख लावलेली पोर समोर हुंदके देत होती.

तिकायनं ओढणी परत मातेच्या डोक्यावर टाकली. टाळ्या थांबल्या.

"ओढ गं," ती ज्योवीला म्हणाली. मग गर्दीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "टाचणी आत होती! पोरीचा काही दोष नाही. चूक माझी."

ज्योवीनं डोळे मिटून ओढलं. ओढणी भर्रकन वर गेली आणि पोर तोंडभर हसली.

तिकाय खाली उतरली. पायाशी सियोन उभी होती.

"काढायची राहिली?" सियोननं हळूच विचारलं.

लोकांना 'चूक' सांगून भागलं होतं. सियोनला सांगून भागणार नव्हतं. "नाही. ठेवली," तिकाय म्हणाली.

 सियोननं हात पुढे केला. "कोणाला सांगणार नाही मी. पण किल्ली दे."

तिकायनं गळ्यातून किल्ली काढली. सियोननं ती तिथल्या तिथं आपल्या गळ्यात घातली, आणि मेली ती किल्लीसुद्धा तिला शोभून दिसली.