हवालदारांची हलकी रायफल

हिंदुराव हवालदार फौजेतून परतले तेव्हा मिशा तेवढ्या ताठ राहिल्या होत्या. खांदे उतरले होते. आमच्या कोरेगावकडच्या उसात रानडुकरं फार. आरडाओरडा करत हाका घातला की डुक्कर ज्या नाक्यावरून बाहेर पडतं, तिथं बंदूक घेऊन बसायचा मान हवालदारांचा. पण गावची रीत अशी, की हाक्याच्या सकाळी माळावर सगळ्यांदेखत दोन बारांत मडकं फोडायचं. नाही फुटलं तर मान दुसऱ्याचा. दुसरा म्हणजे त्यांचा मेहुणा सयाजी. तो वर्षभर दाजींच्या तब्येतीची मोठ्या आस्थेनं चौकशी करायचा.

जुनी रायफल पेलवेना, म्हणून सत्तर सालच्या उन्हाळ्यात हवालदारांनी सांगलीच्या नाथाजी मिस्त्रीकडून हलकी बनवून घेतली. नळी आखूड, शिसवीऐवजी तुतीचा दस्ता, तोही आतून पोखरलेला. हवालदार ती एका हातावर तोलून हसायला लागले.

"हसू नका," नाथाजी म्हणाला. "जड बंदूक थोडा धक्का सोता खाती. ही समदा तुमास्नी देणार."

"मग रं?"

"दस्त्याचं बूड रुंद केलंय, वर रबर बसवलंय. खांद्याच्या खळगीत गच्च बसवा. भाईर सरकली की दंडावर लाथ."

आणि त्यानं हवालदारांना सदरा काढून नुसत्या बंडीवर उभं करून दस्ता मापात कापला.

त्या हिवाळ्यात हाक्याच्या दिवशी हवालदार फौजी ओव्हरकोट घालून माळावर आले. थंडी होतीच, पण कोटाचा उजवा खांदा डाव्याहून फुगलेला का, हे मला कळेना. विचारणार तोच बार झाला. मडकं जागच्या जागी, आणि हवालदार दंड धरून मागं.

"दाजी, मडकं लय घाबरलं बघा," सयाजी म्हणाला. "आणा ती बंदूक हिकडं."

"एक बार हाय आजून!"

हाकाऱ्यांच्या भाकऱ्या घेऊन आलेल्या लक्ष्मीबाई पुढं झाल्या. नवऱ्याचा खांदा चाचपला आणि थबकल्या.

"आवं, माजी उशी हितं व्हय? आन् मी घरभर हुडकतीया!"

माळ हसला. रबरावर भरवसा नव्हता, म्हणून हवालदारांनी उशीतला कापूस कोटात शिवला होता.

"मिस्त्रीनं माप घेतलं तवा ही उशी व्हती का?" लक्ष्मीबाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई."

"मग काढा कोट."

हवालदारांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. शत्रूसमोरही इतका वेळ लावला नसेल. मग बटणं सोडली. बंडीत माणूस केवढासा दिसत होता! दस्ता खळगीत टेकवला, गाल लावला.

मडक्याच्या खापऱ्या उडाल्या. हवालदार तसूभर हलले नाहीत.

सयाजी जवळ येऊन त्यांचा खांदा निरखू लागला. "लागलं न्हाई व्हय?"

"घे, तू वढून बघ."

"ऱ्हाऊ द्या, दाजी."

हवालदार बंडीवरच नाक्याकडं निघाले. अंगावर काटा, दातावर दात.

"आवं, कोट तरी पांघरा!" लक्ष्मीबाई मागनं ओरडल्या.

"डुक्कर काय कोट काढूस्तवर थांबतंय व्हय?"