सेव्हन्थ फ्लोअरचे खरे मालक

सेव्हन्थ फ्लोअर हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ग्रुप तळघरात सराव करायचा. वर फर्निचरचं दुकान, खाली हे. एक दिवस आपला स्टुडिओ सातव्या मजल्यावर असेल आणि खाली शहर मुंग्यांसारखं दिसेल, असं ग्रुपमध्ये गाणाऱ्या दादाचं स्वप्न होतं, म्हणून हे नाव. आपल्या भागात सात मजल्यांची इमारत आहे कुठे, असं धाकटीनं तेव्हाच विचारलं होतं. धाकटी म्हणजे दादाची पाठची बहीण. ग्रुपमध्ये ड्रम वाजवायची. गिटार डेंटिस्टकडे होती. तो खरोखरचा डेंटिस्ट होता आणि गिटारही दात उपटल्यासारखी वाजवायचा. कीबोर्डवर गुळमुळ्या. हा पोरगा धाकटीहून चांगलाच लहान, पण तोही तिला धाकटीच म्हणायचा, आणि कुठल्याही प्रश्नाला 'तसं बघायला गेलं तर' अशी सुरुवात करून तिथंच थांबायचा.

ग्रुपमध्ये लोकशाही होती. म्हणजे प्रत्येक गोष्टीवर हात वर करून मतदान व्हायचं. दादा संस्थापक असल्यामुळे तो दोन्ही हात वर करायचा आणि ते दोन्ही मोजले जायचे.

बाळंतपणानंतर धाकटी परत आली ती एका अटीवर. लेक रात्ररात्र झोपायची नाही त्या दिवसांत तिनं एक बिनशब्दांचं गाणं बांधलं होतं. आयुष्यात बांधलेलं एकुलतं एक. ते लोकांसमोर वाजवायचं, आणि वाजवण्याआधी हे हिनं केलंय एवढं सांगायचं. दादा लगेच हो म्हणाला. हो म्हणण्यात त्याचं कधीच काही जात नसे. मग प्रत्येक कार्यक्रमात काही ना काही आडवं आलं. कधी वेळ संपली, कधी लोक 'त्या मूडमध्ये' नव्हते, एकदा तर दादाच्या घशाला त्रास होता, जसं काही ते गाणं त्याच्या घशातून यायचं होतं. शेवटी इंटरनेटवर ग्रुपची गाणी चढवताना जागा उरली म्हणून त्यानं ते सगळ्यात खाली टाकलं. बांधणाऱ्याचं नाव? सेव्हन्थ फ्लोअर.

आणि मग ग्रुप प्रसिद्ध झाला.

झाला म्हणजे, एका सकाळी त्यांच्या पानावरचा ऐकणाऱ्यांचा आकडा एकदम फुगलेला दिसला. परदेशातले लोक, ज्यांच्या गावांची नावं दादाला धड वाचताही येईनात, ते सेव्हन्थ फ्लोअर ऐकत होते. दादानं सगळ्यांसाठी काळे कोट शिवून घेतले. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडात हात घालून आपल्या परदेशी चाहत्यांविषयी बोलू लागला. बिचाऱ्यांना उत्तर देता येत नसे, आणि त्याला तेच हवं असे. दादा तर रस्त्यानं जाताना लोकांनी आपल्याला ओळखावं म्हणून हळू चालायला लागला. कुणी ओळखलं नाही, पण मागून येणाऱ्यांचा खोळंबा मात्र व्हायला लागला.

यातल्या एकाही शहाण्याला त्या पानावरची गाणी एकदा ऐकून पाहावीत असं वाटलं नाही. आपली गाणी आपल्याला पाठच आहेत, ऐकायची कशाला.

ऐकली धाकटीनं. दुपारी लेकीला पाजताना तिनं आपलं गाणं लावायला म्हणून फोन हातात घेतला, बोट चुकून वरच्या गाण्यावर पडलं, आणि अकॉर्डियन सुरू झालं. सेव्हन्थ फ्लोअरमध्ये अकॉर्डियन कुणाकडेच नव्हतं. त्याखालच्या गाण्यात कुणीतरी कुणाचा तरी गळा दाबत असावा असा आवाज होता. थोडी शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. सेव्हन्थ फ्लोअर नावाचे ग्रुप तीन होते, तीन देशांतले, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, आणि त्या वेबसाइटनं नाव एक म्हणून तिघांना एकाच पानावर कोंबलं होतं. एक मुखवटे घालून किंचाळणाऱ्यांचा. एक कुठल्याशा बंदराच्या गावातल्या म्हाताऱ्यांचा. हे सगळे ऐकणारे त्यांचे होते. आपल्या ग्रुपला पूर्वी जेवढी माणसं ऐकायची तेवढीच आताही ऐकत होती, आणि त्यातली निम्मी नातेवाईक होती.

तिनं हे तळघरात सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. दादाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चोर साले," तो म्हणाला. "आपलं नाव ढापलं."

म्हाताऱ्यांनी ते नाव तू चड्डीत फिरत होतास तेव्हा ठेवलंय, त्यांच्या फोटोवर तारीख आहे, असं तिनं सांगून पाहिलं. तारीख कसली सांगतेस, म्हणाला, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. डेंटिस्टनंही मान हलवली. त्याला तत्त्वाचे प्रश्न आवडायचे, त्यात भूल द्यावी लागत नसे. मतदान झालं आणि दोन्ही ग्रुपना मेल गेल्या, नाव ताबडतोब सोडा म्हणून.

मुखवटेवाल्यांनी एका शब्दात उत्तर पाठवलं. तो शब्द डेंटिस्टनं मनातल्या मनात वाचला आणि पुसून टाकला. म्हाताऱ्यांचं उत्तर लांबलचक होतं. दादानं ते भुवया चढवून वाचून दाखवलं. आम्ही एक पोस्टमन, एक नळदुरुस्तीवाला आणि एक फेरीबोट चालवणारा, असं त्यांनी लिहिलं होतं. आपल्या नावाचं जगात आणखी कुणीतरी आहे हे कळून आम्हाला फार मजा वाटली. शिवाय एक विनंती होती. त्या पानाच्या तळाशी एक गाणं आहे. आमचे लोक ते आमचंच समजून दर वेळी त्याची फर्माइश करतात, आणि ते आमचं नाही असं आम्ही दर वेळी सांगतो. ते आम्ही वाजवलं तर चालेल का? आणि ते कुणाचं आहे?

धाकटीच्या हातातली ड्रमची काठी तशीच राहिली. ज्यांना तिचं नावही माहीत नाही अशा कुठल्याशा लोकांनी तिचं गाणं पुन्हा पुन्हा मागितलं होतं.

"तसं बघायला गेलं तर ते धाकटीचं..." गुळमुळ्या म्हणाला आणि थांबला.

दादाला ऐकूच आलं नाही. तो खूश झाला होता. "सापडले," तो म्हणाला. "गाणं पाहिजे ना? घ्या. नाव सोडा."

"गाणं माझं आहे, दादा."

"ग्रुपचं आहे. तू ग्रुपमध्ये आहेस. मग भांडण कुठंय?"

दादाचे दोन हात वर झाले. डेंटिस्टचा एक. गुळमुळ्यानं केस विंचरल्यासारखं करून आपला हात डोक्यापर्यंतच नेला, आणि तोही मोजला गेला.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, सोड ना, दादाच आहे. सोडलंच होतं तिनं इतकी वर्षं. दादानं चाल मोडली की ठेका सावरून घ्यायचा, तो पुढे धावला की मागून खेचायचं, आणि टाळ्या त्याच्या. त्याचं तिला काही नव्हतं. एका गाण्यापुरतं, एकदा, कुणीतरी म्हणावं की हे हिचं, एवढंच तिला हवं होतं. आणि जिथं ते घडू शकत होतं तेवढी एकच जागा दादा आता नावाच्या एका पाटीसाठी विकायला निघाला होता.

बोलणी रविवारी दुपारी फोनच्या स्क्रीनवर ठरली. एरवी लेकीला सांभाळणारी आई डोळे तपासून घ्यायला गेली होती म्हणून धाकटी लेकीला कडेवर घेऊनच तळघरात उतरली. दादानं काळा कोट चढवला होता. पलीकडे एका स्वयंपाकघरात तिघं म्हातारे लोकरीच्या जाकिटात दाटीवाटीनं बसले होते. मधल्याचं तोंड दिसत होतं, बाकीच्यांची कपाळं. दोन्हीकडच्यांना अर्धवट येणाऱ्या भाषेत बोलणं चाललं. दादानं भाषण केलं. ब्रँड म्हणाला, ओळख म्हणाला, उद्याच्या जगातली आपली जागा म्हणाला. म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मधला, पोस्टमन, म्हणाला की ठीक आहे, नाव घ्या. आमच्या गावात आम्हाला कुणी नावानं हाकच मारत नाही.

दादा क्षणभर हिरमुसला. त्याची भाषणं अजून बाकी होती.

मग पोस्टमननं गाण्याविषयी विचारलं. आम्ही रोज वाजवून पाहतो, म्हणाला, पण मध्ये एका जागी ठेका अडखळतो आणि आम्ही तिघंही तिथं एकमेकांवर आदळतो. ते असं का आहे?

दादानं घसा साफ केला. तो आधुनिक माणसाचा एकटेपणा आहे, त्यानं सांगितलं. ती एक पोकळी आहे.

पलीकडची कपाळं गोंधळली. धाकटीच्या मनात आलं, सत्तरी ओलांडलेल्या तीन माणसांना हा गृहस्थ आता पोकळी शिकवणार. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि फोनसमोर आली.

"पोकळी नाही हो," ती म्हणाली. "तिथं माझ्या घरातली भिंत येते. आमचा पॅसेज आखूड आहे. ही झोपत नव्हती, मी हिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचे. भिंतीशी आलं की हिचं डोकं हातानं झाकून वळायचं. मग पुढे."

पोस्टमननं ते बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते खुर्च्यांवरून उठले, आणि ती तीन अवजड माणसं ओट्यापासून दारापर्यंत चालून, रिकाम्या खांद्यांवर हात ठेवून, वळून आली. मग नळदुरुस्तीवाला स्क्रीनजवळ तोंड आणून म्हणाला, म्हणजे तुम्ही बांधलंय.

"मी," धाकटी म्हणाली. "वाजवा तुम्ही. वाजवण्याआधी माझं नाव सांगा. आणि तुमचं नाव तुमच्याकडेच राहू द्या, ते आम्हाला नकोय."

दादानं फोन पालथा घातला.

पुढचं बोलणं मोठ्या आवाजात झालं. आपल्या माणसांचा परक्यांसमोर पाणउतारा केला, असं दादाचं म्हणणं होतं. लहानपणी तिच्या हातात ड्रमच्या काठ्या त्यानंच दिल्या, हेही निघालं, आणि ते खरं होतं. डेंटिस्ट म्हणाला की जिंकलेली लढाई हिनं घालवली. लेक इतक्या गोंधळात पेंगायला लागली होती.

"ग्रुपमध्ये राहायचं असेल तर आत्ता फोन करून सांग, गाणं ग्रुपचं आहे," दादा म्हणाला. "नाहीतर मतदान घेतो."

"घे," ती म्हणाली. "दोनच हात आहेत ना तुला? पाय पण वर कर."

हात वर झाले. या वेळी गुळमुळ्याचा झाला नाही. तो कीबोर्डखाली वायर शोधत राहिला, तेवढंच त्याचं शौर्य. ड्रम ग्रुपचे होते, ते तिनं तिथंच ठेवले. काठ्या घेतल्या. दादा काळ्या कोटात तळघराच्या मध्यभागी उभा होता, जगातल्या तीन सेव्हन्थ फ्लोअरपैकी एकाचा संस्थापक. तिला त्याची कीव येईल असं वाटलं होतं. आली नाही.

घरी गेल्यावर तिनं म्हाताऱ्यांना मेलवर आपलं नाव कळवलं, आणि काही आठवड्यांनी त्यांनी आपल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून, लेकीला मांडीवर घेऊन, धाकटीनं ते लावलं. आधी पोस्टमन काहीतरी बोलला. त्या परक्या बोलण्यातून तिचं नाव आलं, उच्चार पार वाकडातिकडा, पण तिचंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अकॉर्डियन सुरू झालं, इतकं संथ की जिन्यातून कपाट उतरवत असावेत, फेरीबोटवाला सुरापासून हातभर लांब, आणि तिघंही आपापल्या तालात.

"वाट लावली गं," ती लेकीला म्हणाली. "पार वाट लावली."

आणि तिनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.